साडूंचा मुका रस्ता

शांततेसाठी इतका आरडाओरडा करणारा माणूस आमच्या साडूंशिवाय उभ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा निघायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कबनूरला त्यांचे सहा यंत्रमाग आहेत आणि त्या सहा मागांच्या खडखडाटात त्यांचा गळा असा काही तयार झाला आहे की, आमच्याकडं आल्यावर ते दारातून 'जेवला काय' असं मला विचारतात आणि समोरच्या बिल्डिंगमधले निवृत्त मास्तर खिडकीत येऊन 'जेवलो' म्हणून सांगतात. असा हा माणूस आठवड्याच्या सुट्टीला सायकल काढतो आणि डोंगरात मुके रस्ते शोधत हिंडतो. मुका रस्ता म्हणजे हॉर्न, इंजिन, गिरणी, भोंगा यांतलं काहीही जिथं कानावर पडत नाही असा रस्ता, शब्द त्यांचाच. तसा रस्ता सापडला की साडू मधोमध उभे राहून 'लई शांत हाय की हो हितं' असं एवढ्या मोठ्यांदा सांगतात की झाडावरची पाखरं दुसऱ्या गावाला जातात.

रस्त्याची परीक्षा घ्यायची त्यांची एक पद्धत आहे. सायकल थांबवायची, डोळे मिटायचे आणि शंभर आकडे मोजायचे. तेवढ्यात कसलाही आवाज आला की रस्ता नापास. परीक्षकाला दया-माया माहीत नाही. एक रस्ता शहाण्णव आकड्यांवर लांबच्या पिठाच्या गिरणीमुळं गेला. एक चांगला, दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या असलेला रस्ता मोरानं घालवला. मी म्हटलं, अहो, मोर आहे, लोक पैसे देऊन ऐकायला जातात. तर म्हणाले, 'मोर असूंदे न्हाईतर आणि कोण. वरडतंय न्हवं?' पुणे-बेंगळूर हायवेला तर ते रस्ता मानायलाच तयार नाहीत. कागलला भाचीचं लग्न होतं. सगळं वऱ्हाड हायवेनं अर्ध्या-पाऊण तासात पोचलं. साडू आदल्या रात्रीचा पाऊस विसरून शेतांमधल्या पाणंदीच्या वाटांनी सायकलवर निघाले आणि पाहुणे हात धुऊन विडा खात होते तेव्हा मांडवात हजर झाले, गुडघ्यापर्यंत चिखल आणि चेहऱ्यावर मोठं कार्य पार पाडल्याचं समाधान. नवरदेवाला वाटलं, उसाच्या फडातून कुणी गडी आलाय. त्यानं त्यांना पुढच्या पंगतीत पहिलं बसवलं, एवढंच काय ते बरं झालं.

त्यांची सायकलही त्यांच्यासारखीच. जुनी, काळी, वजनानं म्हशीच्या रेडकाएवढी. वाजतं म्हणून मडगार्ड काढलेलं, वाजतं म्हणून स्टँड काढलेलं, घंटीचा तर प्रश्नच नाही. चेनला मागाचं तेल. मडगार्ड नसल्यामुळं पावसाळ्यात मागच्या चाकाचा चिखल पाठीवरून मानेपर्यंत जातो, पण तो आवाज न करता जातो म्हणून त्याला परवानगी आहे. बरोबर येणाऱ्यालाही हे सगळे नियम लागू. खिशात चिल्लर नको. भडंग नको, कुरकुरतो, केळी चालतील. एकदा त्यांनी माझ्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेऊन बायकोपाशी ठेवायला लावल्या, कारण उतारावर त्या खुळखुळतात. बायको दुपारी माहेरी गेली आणि मी संध्याकाळपर्यंत जिन्यात बसून राहिलो. साडू फोनवर म्हणाले, जिन्यात शांत असतंय की.

आता मी अशा माणसाबरोबर का जात होतो, असं कुणी विचारेल. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटलं आणि नात्यात सायकलवाला एवढा एकच होता. साडू सुताच्या टेंपोत सायकल टाकून कबनूरहून यायचे, कारण मधला रस्ता नापास. मग शिवाजी पुलावरून आम्ही पन्हाळ्याच्या अंगाला सुटायचो. घाट चढताना मला दम लागायचा आणि त्यांना ज्ञान सुचायचं. हे सगळे डोंगर ज्वालामुखीचे आहेत, लाव्हारसाचे थर एकावर एक बसून झालेले आहेत, हे त्यांना कुणी तरी सांगितलं होतं आणि तेव्हापासून प्रत्येक उघड्या कड्यापाशी थांबून ते थर मोजायचे. ताग्याच्या घड्या मोजाव्यात तसे, खालून वर, बोट नाचवत. मोजून झाले की एकच वाक्य ठरलेलं: 'एवढा जाळ, एवढा दणका झाला असंल, पण आता बघा कसा गप हाय. माणसाला जमत न्हाय ह्ये.' मी हूं म्हणायचो आणि मनात म्हणायचो, तुम्हाला तर मुळीच जमत नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना तो रस्ता सापडला. कुठून फुटतो ते मी सांगणार नाही. हे शहाणपण मला उशिरा आलेलं आहे. एका वाडीच्या मागून अरुंद डांबरी पट्टी चढत जाते आणि सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, जाऊन संपते. वर गवत, कातळ आणि सारखा वाहणारा वारा, बाकी काही नाही. शंभर झाले, दोनशे झाले, साडू डोळे उघडेनात. मला वाटलं, उभ्या उभ्या झोप लागली. दोन तास ते त्या कातळावर बसले आणि, आश्चर्य म्हणजे, एक शब्द बोलले नाहीत. उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि हा रस्ता कुणाला सांगायचा नाही म्हणून शपथ घ्यायला लावली. मी हसू दाबत शपथ घेतली.

ती मी मोडली नाही, असं अजूनही म्हणता येईल. तोंडानं मी कुणालाच सांगितलं नाही. पण माझ्या मोबाईलमध्ये सायकलिंगचं एक अॅप होतं, साखरेसाठी किलोमीटर मोजणारं. ते रस्त्याचा नकाशा आपोआप काढून जगापुढं ठेवतं, फक्त वर नाव तेवढं आपण द्यायचं. मी दिलं: 'कोल्हापुरातला सर्वात शांत रस्ता'. दिवसभरात दोनशे लोकांनी पसंतीचे अंगठे दाखवले. माझ्या आयुष्यात दोनशे लोकांनी एका वेळी माझ्याकडं कधी बघितलेलं नाही. मी फार खूश होतो.

महिन्याभरात शहरातली सगळी हौशी मंडळी तिथं लोटली. घट्ट रंगीत कपडे, काळे चष्मे, मागून जीप आणि जीपवर पायांना जोर यावा म्हणून गाणी. एका मंडळानं 'शांततेसाठी सायकल' असा फलक लावून हलगीच्या तालावर फेरी काढली. मग चहाची टपरी आली, मग मिसळ आली, मग मिसळ खायला नुसत्या मोटारीच येऊ लागल्या. साडू एका सुट्टीला गेले, बघून परत आले आणि रस्ता कुणी फोडला याचा तपास त्यांनी आपल्या डोक्यानं लावला. सायकली चढवता-उतरवताना आमचं बोलणं ऐकणारा तो सुताचा टेंपोवाला. वीस वर्षांचा दोस्त. साडूंनी त्याला भर चौकात नाही नाही ते ऐकवलं आणि त्याच्या टेंपोत बसायचं बंद केलं. हे मला मेहुणीकडून कळलं. मी आठ दिवस गप्प बसलो, आणि ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात हलकट शांतता. शेवटी, अॅपचं माहीत असलेल्या बायकोनं विचारलं, तुम्ही जाताय का मी जाऊन सांगू? मी गेलो.

कबनूरला साडू शेडमध्ये होते. सहाच्या सहा माग चालू. मी दारातून ओरडलो की रस्ता माझ्यामुळं फुटला. त्यांनी हसून बसा म्हणून खूण केली. मी जवळ जाऊन पुन्हा ओरडलो. ते कानाला हात लावून वाकले. तिसऱ्यांदा ओरडलो तेव्हा सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईनं ऐकलं आणि माझ्याकडं टक लावून बघितलं. साडूंना काही कळलं नाही. मग त्यांनी जे कधी कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. ते एकेका मागापाशी गेले आणि एकेक माग बंद करत आले. सहावा थांबला तेव्हा त्या शेडमध्ये एवढी शांतता झाली की मला माझंच गिळणं ऐकू आलं. अॅप, नकाशा, नाव, अंगठे, सगळं मी जमिनीकडं बघत सांगितलं.

साडूंनी मागाच्या लाकडावरून हात फिरवला. मग हळू बोलले. त्यांना हळू बोलता येतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

'माग बंद केलं तरी माझ्या कानातलं चालूच असत्यात, साडू. चार वर्सं झाली. सुट्टीला, झोपेत, कवाबी. डाक्टर म्हणला, ह्येला औषद न्हाय. नुसतं गप बसलं की उलट जास्तच वाजतंय. त्या सड्यावर वारा हाय, त्यात त्ये बुडतंय. दोन तास बुडालं हुतं त्यादिवशी.'

मी विचारलं, मला कधी बोलला का नाहीत.

'हसला असता की तुमी,' ते म्हणाले, अगदी साधेपणानं, तक्रार म्हणून नव्हे. आणि मी हसलो असतो. त्यांनी खिशातून फोन काढला. 'टेंपोवाल्याला उगंच बोललो मी. आदी त्येला लावतो. तुमी जेवल्याबिगर जायाचं न्हाय.' फोन झाला आणि त्यांनी एकेक करून सगळे माग परत चालू केले.

मी नकाशा काढून टाकला, पण मिसळीची टपरी काही नकाशाबरोबर जात नाही. साडू अजून सुट्टीला सायकल काढतात. कुठं जातात ते सांगत नाहीत आणि मला बरोबर बोलावत नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं, साखरेपेक्षा जास्त.

सासरवाडीच्या पंगतीत त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवणं हा माझा जुना उद्योग. परवाच्या बारशात मेहुण्यांनी मला पुन्हा उभं केलं, साडू तिथंच, पंगतीच्या टोकाला बसलेले असताना. मी नको नको म्हणत होतो. तेव्हा साडूच जिलबीचा घास थांबवून म्हणाले, 'करा की साडू. चांगली करतासा. दोन-तीनदा दाराआडनं ऐकलीया मी.' सगळे हसले. मी घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला, पण त्यांचा आवाज काही केल्या मला काढता येईना.