बिस्तर बांधायची दोरी

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, सोनाळ्याच्या शिवेवरच्या देवीपुढे मी अकरा किलो कणकेच्या रोडग्यांचा, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या जाड गोळ्यांचा, नवस बोललो. हजर आम्ही तिघे: मी, घरधनीण आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेलेली आमची लेक. पहिल्याच परीक्षेत तिचे सगळे विषय निघू दे, असे शब्द होते. मी शब्द तोलून बोलतो, म्हणून ते पक्के आठवतात.

निकाल लागला आणि गणित राहिलं. बारावीपर्यंत याच विषयात ती वर्गात पहिली यायची. फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, मले घ्याले या. मी शिकत नाही आता." देवीनं नाही म्हटलं, की माझंच मागणं चुकलं, मला काही उमगेना. दुसऱ्या दिवशी बिस्तर बांधायला नवी दोरी घेऊन मी बुलढाण्याला तिच्या वसतिगृहावर निघालो.

जळगाव जामोदला गाडी बदलली. शेजारी एक बाई येऊन बसल्या. त्यांची आधीची गाडी बंद पडली होती. मांडीवरची दोरी पाहून त्यांनी विचारलं, बैल घ्याले चालले का? लेकीचं बिस्तर आणायला, मी म्हणालो, आणि कसं कोण जाणे, अनोळखी बाईपुढे सगळंच सांगून बसलो. त्या लेकीच्याच कॉलेजात शिकवायच्या. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दुपारी चारला वेगळा वर्ग घ्यायच्या. खेड्यातली पोरं इंग्रजी पुस्तकापुढे गप्प होतात, लाजेनं विचारत नाहीत. म्हणून तिथं वरच्या वर्गातली पोरं त्यांच्या शेजारी बसतात, आणि आपल्याला काय समजलं नाही, ते ज्यानं त्यानं आधी सांगायचं. माझी लेक तिथं कधी गेलीच नव्हती. तो वर्ग ढ पोरांचा, अशी तिची समजूत.

"दोरी मले द्या," बाई म्हणाल्या. "महिनाभर पोरीले वर्गात बसू द्या. मंग तिनं मागतली, त मीच बिस्तर बांधून देते."

मी दिली. का दिली, ते आजही सांगता येत नाही.

लेक सामान आवरूनच बसली होती. माझे रिकामे हात पाहून चिडली. "तुम्ही न्याले आले का समजवाले?" मलाच काही समजत नाही, मी म्हणालो, पण महिनाभर चारच्या वर्गात बस, दोरी तिथल्या बाईंजवळ आहे. महिना गेला, तिनं दोरी मागितली नाही. उन्हाळी परीक्षेत गणित निघालं.

मग माझा घोळ सुरू झाला. नवस पहिल्या परीक्षेचा, ती तर हुकली. म्हणजे तो फेडायचा की नाही? आणि फेडायचा नसेल, तर त्या दिवशी बाईंना माझ्या शेजारी कोणी आणून बसवलं? घरधनीण भाकरी थापतच म्हणाली, "देवीले काय मार्कशीट दाखोता? रोडगे भाजा."

उत्तर अजून सापडलेलं नाही. मागणं मी माझ्या शब्दांत केलं, देणं देवीनं तिच्या रीतीनं. ते ताडून पाहणं सोडलं, तेव्हा कुठं जीव निवला.

पाऊस ओसरून गोवऱ्या वाळल्यावर शिवेवर विस्तव केला. बाई आपला वर्ग घेऊन आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवीतून दोरी काढून लेकीपुढे धरली. लेक हसली, आणि उरलेल्या रोडग्यांचं गाठोडं तिनं त्याच दोरीनं बांधलं. कॉलेजात पहिल्या वर्षाची नवी पोरं आली होती. चारच्या वर्गात त्यांच्या शेजारी आता ती बसते.

अकरा किलोंचे रोडगे असे पोचले: पहिला देवीला, दुसरा बाईंना, बाकी सगळे त्या वर्गाला.