बादलीतलं विरजण

पाण्याच्या कामावरच्या माणसाला बसून राहावं लागतं. टाकी खदखदत असते, पंप चालू असतो, आणि पाणी निवळायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागतोच. त्या वेळात माणसं बोलतात. आमच्या औषध कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये असं बोलणं वर्षानुवर्षं साठत गेलं. मी तेव्हाही कमीच बोलायचो. बोलायचे ते रशीदभाई. आता ते नाहीत, म्हणून मला बोलावं लागतंय. हळू बोलतो, सांभाळून घ्या.

सरकारचं नवं धोरण आलं, परवाने सोपे झाले, आणि दिंद्रुडच्या पुढं माळावर हा कारखाना उभा राहिला. तिथं अँटिबायोटिकची पावडर बनायची. मशिनं धुतलेलं पाणी आमच्या टाकीत यायचं आणि तिथून नाल्याला जायचं. शेडमध्ये आम्ही तिघं. टाकीवर मी, पंपावर रशीदभाई आणि लॅबमध्ये जाधव मॅडम. मॅडम अंबाजोगाईला शिकलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. नाल्यात औषध किती गेलेलं चालतं, या एका प्रश्नापायी मॅडमनी झोप घालवली. आणि मी काय घालवलं, ते शेवटी सांगतो.

*

मला नोकरी लागली ती गुरांमुळं.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

"गुरं सांभाळलीत?"

"जन्मभर."

"मग उद्यापासून या."

टाकीत जंतू पाळायचे होते. पाण्यातली घाण ते खातात आणि पाणी साफ होतं. त्यांचं बी म्हणजे ताजं शेण आणि खुराक म्हणजे गूळ. पहिल्याच दिवशी मी गाडीभर शेण कालवून टाकीत सोडलं. रशीदभाई पाना हातात घेऊन बघत होते. म्हणाले, "आप्पा, गोठा बदलला, धंदा तोच हाय की तुझा."

ते स्वतः अनवाणी गाळात उतरायचे. कंपनीचे गमबूट कठड्यावर जोडीनं उभे करून ठेवायचे, साहेबांना दिसावेत म्हणून. मी रागावलो की म्हणायचे, "बुटातून कळत न्हाई बे. तळपायाला कळतं, गाळ जिता हाय का मेला." आणि खरंच कळायचं त्यांना. मॅडमचा रिपोर्ट दुपारी यायचा, रशीदभाईंचा सकाळीच.

*

दिंद्रुडच्या बाजारातून मी दर आठवड्याला काळा गूळ आणायचो, पोत्यानं. पाघळलेला, मुंग्या लागलेला, जो दुसरं कोणी घेत नाही तो. असा गूळ एकाच कामाला जातो हे सगळ्या बाजाराला ठाऊक. एक दिवस हवालदार सायकलवरून माझ्या मागं मागं शेडपर्यंत आले.

"हातभट्टी कुठं हाय?"

"भट्टी न्हाई साहेब. जंतूंना घालतो."

हवालदारांनी टाकीभोवती दोन चकरा मारल्या. वर तपकिरी फेस होता, खालून बुडबुडे येत होते. त्यांनी वाकून वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला.

रशीदभाई म्हणाले, "साहेब, प्यायचं आसंल तर पेला आनतो."

हवालदार रुमाल नाकावर धरूनच सायकलवर बसले. बाजारात मात्र मला पुढं किती तरी वर्षं लोक हळूच डोळा मारायचे.

*

मग पहिलं मरण आलं.

एका दुपारी वरच्या खात्यात औषधाची अख्खी खेप बिघडली आणि कुणी तरी ती गटारीत सोडून दिली. संध्याकाळपर्यंत टाकीवरचा फेस बसला. पाणी काळं पडलं, कुजका वास सुटला. रशीदभाई गाळात उतरले आणि तसेच वर आले. म्हणाले, "गेले आप्पा. सगळे गेले."

मी त्या दिवशी डबा उघडला नाही. हसू नका. साथीत दावणीची जनावरं गेलेली मी पाहिलेली आहेत. न दिसणाऱ्या जिवांचं मला तसंच वाटलं.

मॅडम शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "आप्पा, हे औषध जंतू मारायलाच बनवलंय. त्यानं त्याचं काम केलं."

रशीदभाई म्हणाले, "म्हंजे पुढच्या दारानं मारायचे आन मागच्या दारानं पाळायचे. लई भारी कारखाना हाय आपला."

टाकीच्या एका कोपऱ्यात, हवेच्या नळीपाशी, तळव्याएवढा फेस अजून हलत होता. तेवढा मी अलगद बादलीत काढून घेतला. शेडमागं सावलीत ठेवला, रोज मूठभर गूळ घातला, नळीनं हवा दिली. पंधरा दिवसांनी बादली फसफसायला लागली. तेच विरजण मी टाकीला लावलं आणि थोडं बादलीत राखून ठेवलं. पुढं जेव्हा जेव्हा टाकी मेली तेव्हा तेव्हा मी तेच केलं. जे वाचले ते जपले. घरात बियाणं असंच धरतात. मला दुसरी रीत माहीत नव्हती.

*

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. बाटलीत पाणी घ्यायचे. काचेच्या हंडीत नाल्याचं पाणी भरून त्यात मासे सोडायचे आणि चार दिवसांनी मोजायचे. मासे जिवंत तर कारखाना पास.

मॅडमनी विचारलं, "साहेब, पाण्यात औषध किती आहे ते कुठं भरायचं?"

साहेबांनी फॉर्म उलटासुलटा करून पाहिला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, त्याला रकानाच नाही. आकडाच ठरलेला नाही, तर रकाना कुठून येणार?"

चार दिवसांनी मासे मजेत होते. उलट जरा जास्तच तजेलदार दिसत होते.

रशीदभाई म्हणाले, "दिसनारच की. आल्यापासून इलाज चालू हाय त्यांचा."

*

नाल्याच्या काठी एक वस्ती होती. तिथली एक म्हातारी एकदा गाडगं घेऊन गेटवर आली. शेडमध्ये मी आणि मॅडम होतो, तिला आमच्याकडं पाठवलं.

म्हणाली, "तुमच्या पान्यानं माजी सून घालवली."

म्हटलं, कुणी दगावलं की काय. पण तसं नव्हतं. तिच्या घरी महिनाभर दही लागत नव्हतं. सून नवी होती. सुनेच्या हाताला गुण नाही म्हणून म्हातारीनं तिला माहेरी धाडलं. मग स्वतः विरजण लावलं, तर तिचंही लागेना.

मॅडमनी विचारलं, "आजी, दुधात पाणी घालता का?"

म्हातारी अशी भडकली की विचारू नका. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दुधात पाणी घातलं नाही, असं तिनं सांगितलं. दम लागल्यावर म्हातारी हळूच म्हणाली, "भांडं इसळून टाकते, तेवढंच."

"कुठल्या पाण्यानं?"

"हिरीच्या. नाल्याकडंला हाय ती."

मॅडमनी वहीत लिहिलं. म्हातारी निघताना मी म्हटलं, "आजी, सुनेला आना आता."

ती म्हणाली, "दोनदा निरोप धाडला. येत न्हाई म्हनती. तिचं बरूबर हाय."

*

त्यावरून मॅडमना मोजमाप सापडलं. माझ्या घरचीनं नऊ वाट्या मांडल्या. सगळ्यांत सारखं दूध, सारखं विरजण. एका वाटीत नाल्याचं पाणी चमचाभर, दुसरीत तेच पाणी निम्मं पातळ करून, तिसरीत आणखी पातळ. सकाळी बघितलं तर पहिल्या पाच वाट्यांत नुसतं दूध. सहावीत फुटल्यासारखं काही तरी. सातवीपासून घट्ट कवडी.

मी म्हटलं, "मॅडम, मग सातवी वाटी ही हद्द. तेवढं पातळ करून सोडायचं."

मॅडमनी मान हलवली. "नाही आप्पा. दही लागलं म्हणजे जंतू मेले नाहीत, एवढंच कळलं. पण मरणार नाहीत इतपत औषध रोज मिळत राहिलं, की ते सोसायला शिकतात. एकदा शिकले की मग औषधच त्यांना लागू पडत नाही. ते शिकणार नाहीत, अशी हद्द पाहिजे. ती खूप खाली असणार."

"किती खाली?"

"तेच अजून कुणी ठरवलेलं नाही."

त्यांनी मॅनेजर साहेबांना चार पानांचं पत्र लिहिलं. मशिनं पहिल्यांदा धुतलेलं पाणी वेगळं ठेवा, त्यातलं औषध आधी मारा, मग टाकीत सोडा, असं. परदेशाच्या ऑर्डरी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. साहेबांनी पत्र शेडमध्येच उभ्या उभ्या वाचलं.

"मॅडम, वाटीभर दह्यासाठी कारखाना थांबवू का?"

रशीदभाई तिथंच पंप खोलत होते. मान वर न करता म्हणाले, "साहेब, उरलेलं दही खाऊन तरी बघा. मीठ टाकून आनू का?"

साहेबसुद्धा हसले. पत्र फाइलला लागलं.

*

तिसऱ्या की चौथ्या वर्षी पुन्हा अख्खी खेप गटारीत आली. मी बादली घेऊन तयारच बसलो होतो. संध्याकाळ झाली, फेस बसला नाही. सकाळ झाली, तरी टाकी मजेत खदखदत होती. रशीदभाई अनवाणी उतरले आणि हसत वर आले.

"जिते हायत आप्पा. औषध पचवलं पठ्ठ्यांनी."

मॅनेजर साहेबांनी सगळ्या खात्यात पेढे वाटले. मला बोलावून शाबासकी दिली. मी पेढा घेऊन लॅबमध्ये गेलो. मॅडमनी तो हातात घेतला आणि टेबलावर ठेवून दिला.

"आप्पा, टाकी मेली की तुम्ही नवं बी कुठून आणता?"

मी त्यांना शेडमागं नेलं आणि बादली दाखवली. मला अभिमान होता, खोटं कशाला सांगू. त्यांनी वाकून आत बघितलं.

"म्हणजे दर वेळी वाचलेलेच जपलेत."

"वाचलेलेच जपायचे असत्यात ना, मॅडम?"

जाताना फक्त म्हणाल्या, "आप्पा, यात ब्लीचिंग पावडर टाका. आजच टाका."

मी हो म्हटलं. पावडरीचा डबा बादलीपाशी नेऊन ठेवला. तो तिथंच राहिला. रोज गूळ घालायला जायचो तेव्हा डबा दिसायचा.

*

आता शेवटचं.

रशीदभाईंच्या तळपायात टाकीतल्या जाळीचा पत्रा घुसला. त्यांनी चिंधी बांधली आणि दिवसभर काम केलं. तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. आम्ही त्यांना जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हयगय केली नाही. लगेच सुई सुरू केली. रशीदभाईंनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि मला कोपरानं ढोसलं.

"आपलंच हाय की बे. घरचा माल."

दोन दिवस ते सुरू होतं. मग डॉक्टरांनी दुसरं दिलं. मग त्याहून मोठं दिलं. ताप हटेना. बाहेर डॉक्टर मॅडमशी इंग्रजीत बोलले. मॅडम बाकड्यावर बसल्या त्या उठेनात. जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देत नाहीत, एवढं मलाही कळलं.

रात्री मी गावी परतलो आणि सकाळी आधी शेडमागं गेलो. बादली छान फसफसत होती. मी डब्यातली सगळी पावडर तिच्यात ओतली आणि काठीनं ढवळत राहिलो. फेस हळूहळू बसला. पाणी पांढरं पडलं, मग स्थिर झालं. मी ते खड्ड्यात ओतून वर माती लोटली. बादली धुतली, पालथी घातली. मग अंबाजोगाईची एसटी धरली.

रशीदभाईंचं अंग भाजत होतं. मी पायथ्याशी बसलो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"आप्पा, सुट्टी टाकून आलास का?"

"हो."

"मग बादलीला गूळ कोनी घातला?"

मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"घालून आलोय."

"कसे हायत?"

"बरे हायत."

त्यांनी डोळे मिटले. ओठांवर हसू होतं.

"लई चिवट जात हाय," ते म्हणाले. "तू जगवलीस, आप्पा."