दंडावरची दोन बोटं

भोरच्या तालमीतले आमचे वस्ताद पोरांची खुशाली तोंडानं विचारत नसत. दोन बोटांनी दंड दाबायचे आणि म्हणायचे, "आजून न्हाई. मार जोर." पासलीचा एक काटकुळा पोरगा त्यांनी असाच घडवला. त्याची बेटकुळी ते आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. पुढं लढाईची भरती आली, आणि त्या पोराची छाती मापात चोख बसली. तो परत आला नाही.

मीही तसाच काटकुळा. जोर मारत राहिलो. एका सकाळी माझ्या दंडावर पहिल्यांदाच बेटकुळी उठली, तेव्हा हौसेनं वस्तादांपुढं हात धरला. त्यांनी बोटं पुढं केली, पण दंडाला लावली नाहीत.

"बारीकच बरा व्हतास रं," ते म्हणाले. "जा घरी."