मोठ्या नटाची गाडी

पॅकिंग कापून झालं की अक्का ते आधी उन्हाकडे धरायची, आणि मग एक डोळा मिटून त्याच्या भोकातून तुमच्याकडे पाहायची. तुम्ही हसलात की काम झालं, असा तिचा नियम होता. मी मुद्दाम गाल फुगवून बसायचो, पण शेवटी हसायचोच.

जळगावहून नशिराबादकडे जाताना रस्त्याच्या कडेला तिचं पत्र्याचं दुकान होतं. आम्ही ड्रायव्हर लोक तिला अक्का म्हणायचो. खरं नाव विचारायचं कधी कोणाला सुचलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांनी कधी बॉनेट उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातला धूर ज्या ओतीव नळ्यांतून बाहेर पडतो तो मॅनिफोल्ड. तो आणि इंजिन यांच्यामध्ये जे जाड पॅकिंग असतं त्याला कोणी गॅसकेट म्हणतं. ते जळालं की सकाळी गाडी चालू करताच टिकटिक ऐकू येते. जरा वेळानं लोखंड तापून फुगतं आणि टिकटिक थांबते. माणसाला वाटतं, चला, बरी झाली. मग धुळ्याला पोचेपर्यंत धुरानं डोकं धरतं.

नव्या गाड्यांचं पॅकिंग कुठंही मिळतं. जुन्या गाड्यांना अक्काशिवाय थारा नव्हता. ती मॅनिफोल्डचं तोंड खरवडून साफ करायची, त्याला ग्रीस लावायची आणि पुठ्ठ्यावर दाबून छाप घ्यायची. मग तो पुठ्ठा जाड शीटवर ठेवून छोट्या हातोडीनं टुकटुक करत भोकं पाडायची. हे सगळे पुठ्ठे भिंतीवर खिळ्यांना टांगलेले असत. दुपारी दारातून ऊन आत आलं की भोकाभोकांतून उजेडाचे गोल भिंतीवर पडत आणि वाऱ्यानं हळूहळू हलत. ते बघता बघता डोळा लागायचा. झोपेत ती टुकटुक ऐकून घरी कोणी शेंगा फोडतंय असं वाटायचं. मला त्या दुकानात जशी झोप लागली तशी पुन्हा कुठं लागली नाही.

एका खिळ्याला मात्र पुठ्ठा नव्हता. तिथं कापून तयार केलेलं पॅकिंग होतं आणि त्याच्या बोल्टच्या भोकांपैकी तिसरं बाकीच्यांपेक्षा मोठं होतं. मी म्हटलं, अक्का, हे चुकलेलं कशाला टांगलंय? तिनं हातोडी खाली ठेवली.

ते तिच्या नवऱ्याच्या गाडीचं होतं. हे काम तिला त्यानंच शिकवलं होतं. एकदा त्या गाडीचा तिसरा बोल्ट आतच तुटला. तो ड्रिलनं काढत असताना ही चहा घेऊन आली, त्यानं मान वर केली आणि ड्रिल सरकलं. भोक मोठं झालं. मग तिथं जाड बोल्ट आणि मोठा नट बसवावा लागला.

"त्यास्नं ध्यान कामवर नही, मन्हाकडे," असं म्हणून ती लाजली. केस पांढरे झालेली बाई लाजली की फार छान दिसते हो.

नवरा गेल्यावर ती गाडी धुळ्याच्या कोणालातरी विकावी लागली, आणि पुढं ती कुठं गेली ते कळलं नाही. पण अक्काचं म्हणणं सरळ होतं. पॅकिंग कधीतरी जळणार, आणि जळालं की गाडी इथंच येणार. "येई ती. तिले मन्हाशिवाय कोन शे?"

मी धुळ्याला जुन्या गाड्या दिसल्या की बॉनेट उघडायला लावून मोबाइलवर फोटो काढायचो. लोक मला खुळा म्हणायचे. अक्का दोन बोटांनी फोटो मोठा करून नट बघायची आणि "नही" म्हणून फोन परत द्यायची. एकदा एका गिऱ्हाइकानं तोंडावरच सांगितलं, ती कधीच भंगारात गेली असेल. त्या दिवशी अक्काचं एक पॅकिंग वाकडं कापलं गेलं.

मग नरडाण्याकडचा एक शेतकरी पोत्यात मॅनिफोल्ड घेऊन आला. विहिरीवर जुन्या गाडीचं इंजिन बसवलं होतं. ते असं फटफटत होतं की शेजारची म्हैस पान्हा सोडत नव्हती, आणि म्हशीवाल्याशी भांडण जुंपलं होतं. अक्कानं पोतं उघडलं, तिसऱ्या भोकात बोट घातलं आणि ते तिथंच ठेवून बसली. ते बाकीच्यांपेक्षा मोठं होतं. मग तिनं गाडी कुठंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, "बॉडी भंगारात गेली, अक्का. इंजिन तेवढं ठेवलं."

तिनं खिळ्यावरचं पॅकिंग उतरवलं, मला गाडी काढायला सांगितली आणि आम्ही तिघं त्याच्या शेतावर गेलो. शेतकरी नट आवळायला लागला तशी ती मागून सांगत होती, मधून सुरू कर, मग बाहेर जा. इंजिन सुरू झालं. तिनं सांध्याजवळ तळवा धरला. धूर नव्हता, टिकटिक नव्हती. पाटाला पाणी आलं आणि ती पाटाच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसली.

कांद्याला पाणी देऊन झालं. शेतकऱ्यानं बंद करू का म्हणून विचारलं.

"ऱ्हाऊ दे जरासं," ती म्हणाली.

पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरलं. तो म्हशीवाला बांधावर आला, अक्काकडं पाहिलं आणि गुपचूप परत गेला.

परत आल्यावर तिनं तसंच दुसरं पॅकिंग कापलं आणि आपण नसलो तर पुढं काय, म्हणून माझ्या हाती विहिरीवर पाठवून दिलं. अक्का गेली त्याला आता बरेच दिवस झाले. दुकानाच्या जागी पंक्चरवाला बसतो.

परवा नरडाण्यावरून जाताना मी त्या शेतावर उतरलो. इंजिन चालू होतं. दुसरं पॅकिंग इंजिनाच्या खोलीत खिळ्याला तसंच टांगलेलं होतं. मी ते बाहेर आणून उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटून मोठ्या भोकातून पाटाकडे पाहिलं. त्या दिवशी ती बसली होती ती काठावरची जागा ओली होती. मी हसलो.