तात्यांची लाईट

माझ्या चुलत्यांचं हृदय दिवसातून चार-पाच वेळा थांबत होतं. आमच्या अख्ख्या भावकीत हृदयाच्या ठोक्यांचं शिक्षण घेणारा मी एकटाच, त्यामुळे "काहीही झालेलं नाही, निर्धास्त राहा" हेही मीच गावी फोन करून कळवलं.

शिक्षण कमी पडलं असं मात्र कुणी म्हणू नये! आधी डॉक्टर झालो, मग त्याच्या वरचा डॉक्टर झालो, आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात मी पुन्हा विद्यार्थी होऊन बसलो होतो. विषय एकच, माणसाच्या हृदयाचा ठोका का चुकतो. आमच्या गावी, निरगुडसरला, हे कुणाला पटत नसे. एसटीतून उतरलो की पहिला प्रश्न ठरलेला, "अजून शिकतोस? पास व्हत न्हाईस का?" मी समजावायचो की हृदयात स्वतःची वीज तयार होते, ती ठरलेल्या वाटेनं पसरते, आणि त्या विजेत बिघाड झाला की तो बघणारे डॉक्टर वेगळे असतात. लोकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून गाव मला वायरमन म्हणू लागलं. (दोघांनी घरी नेऊन बंद पंखा दाखवला. त्यातला एक मी चालूही केला.)

तर हे चुलते म्हणजे आमचे तात्या. माझे वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून मला तात्यांनी आणि काकीनं वाढवलं. तात्यांचा सगळा दिवस विहिरीवरच्या मोटारीभोवती फिरायचा. कांद्याला पाणी द्यायचं म्हणजे लाईट हवी, आणि लाईट कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून तात्या लाईटच्या वेळा लिहून ठेवत. कोपरीच्या खिशात दुमडलेली वही, कानावर पेन्सिल. 'सहा वीसला आली. नऊ पाचला गेली.' कुठला वाफा कुठवर भिजला हे त्यांना त्यावरून कळायचं. लाईट गेली आणि तात्यांनी लिहिलं नाही असं कधी झालं नाही.

एका खेपेला मी घरी पोचलो तर काकी दारातच उभी. तिनं मला बाजूला घेतलं.

"हे दोनदा पडले. एकदा गोठ्यात, एकदा बांधावर. इचारलं तर म्हंत्यात, पाय घसरला. कोरड्या बांधावर कुणाचा पाय घसरतो रं?"

तात्यांच्या कपाळावर टेंगूळ होतं. मी ताबडतोब बॅगेतून इस्पितळातला छापील तक्ता काढला आणि त्यांना समोर बसवलं.

"छातीत दुखतं का?"

"न्हाई."

"धाप लागते?"

"न्हाई."

"चक्कर येते?"

"चक्कर न्हाई येत. मधीच लाईट जाती, बस्स."

"लाईट काय, सगळीकडेच जाते, तात्या," मी म्हणालो आणि पुढच्या रकान्याकडे वळलो. 'चक्कर: नाही.' अक्षर सुरेख आलं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या विभागप्रमुख मॅडमची परवानगी काढून मी इस्पितळातलं एक यंत्र घेऊन गावी आलो. चोवीस तास ठोके टिपणारी ती एक पेटी होती. पट्ट्यानं कमरेला बांधायची, तिच्या वायरी चिकट चकत्यांनी छातीला लावायच्या, आणि आत कॅसेट फिरत राहायची. चकत्या बसाव्यात म्हणून मी तात्यांच्या छातीवरचे केस काढायला घेतले, तेव्हा ते म्हणाले, "मेल्यावर करायचं ते जित्तेपणीच उरकतोस व्हय?" काकीनं त्यांना असं काही झापलं की त्यांनी स्वतःच छाती पुढे केली.

"रोजच्यासारखंच वागायचं," मी बजावलं. "काय केलं, काय वाटलं, ते वेळेसकट लिहायचं."

"वेळ लिहाया तू मला शिकवतोस?" तात्यांनी खिशातली वही थोपटली.

रोजच्यासारखं वागणं तात्यांना जमलं, बाकीच्यांना नाही जमलं. आत कॅसेट आहे म्हणजे बोलणं टेप होतंय, अशी बातमी तासाभरात आळीभर झाली. लोक तात्यांसमोर तोलून-मापून बोलायला लागले. बांधावरून वर्षभर न बोलणारे आमचे एक भाऊबंद मुद्दाम आले, पेटीजवळ वाकले आणि "तात्या लई भला माणूस" असं दोनदा स्पष्ट म्हणून गेले. काकीनं विचारलं, "यात मघाशी मी ह्यांना झापलं ते बी आलंय का? मग ते पुसून टाक, बाबा."

चोवीस तासांनी मी पेटी सोडली, वहीचं पान फाडून घेतलं आणि पुण्याला आलो. कॅसेट लावली. रेघ छान नागमोडी चालली होती, पण चार-पाच ठिकाणी मधेच सपाट झाली होती. कुठे तीन सेकंद, कुठे चार, एकदा तर पाच. मी हुशार विद्यार्थी होतो. घामानं चकती सुटली की रेघ सपाट येते, हे मला पुस्तकाच्या पान क्रमांकासकट पाठ होतं. तरी खात्री करावी म्हणून त्या वेळांना तात्यांनी काय लिहिलंय ते पाहिलं. 'लाईट गेली. आली.' प्रत्येक वेळी तेच! तात्या आपल्या मोटारीचीच नोंद करत बसले होते. मला हसू आलं. मी गावी गिरणीत फोन केला (आमच्या आळीत फोन तेवढाच होता), काकीला बोलावून घेतलं आणि तो पहिल्या परिच्छेदातला निरोप दिला.

"म्हंजे त्यांना इहिरीवर जाऊ देऊ?" काकीनं विचारलं. ते पडल्यापासून तिनं त्यांना एकट्याला विहिरीवर जाऊ दिलं नव्हतं. विहिरीला कठडा नव्हता आणि मोटारीचा स्टार्टर अगदी काठाशी होता.

"खुशाल जाऊ दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी माझा अहवाल तपासायला घेतला. मॅडम सोलापूरच्या. त्यांचा आवाज कधीही चढत नसे, म्हणून आम्हाला त्यांची जास्त भीती वाटायची.

"इथं रेघ सपाट का आहे?"

"चकती सुटली असणार, मॅडम. शेतात घाम येतो."

"सगळ्या चकत्या एकाच सेकंदाला सुटल्या? आणि पाच सेकंदांनी आपापल्या परत चिकटल्या?"

मी घाईनं तात्यांचं पान पुढे केलं. "आमच्याकडे लाईटचा फार त्रास आहे, मॅडम. बघा ना, नेमक्या त्याच वेळांना पेशंटनं लिहिलंय, लाईट गेली."

मॅडमनी चष्मा काढला. "हे यंत्र कशावर चालतं?"

"सेलवर," मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं.

मॅडम ते पान बोट ठेवून वाचत होत्या. "दहा चाळीसला लाईट गेली, सव्वाबाराला आली. बरोबर?"

"हो."

"मग अकरा पाचला गेली ती कुणाची? गेलेली लाईट परत कशी जाईल?"

मला तक्ता भरतानाचं तात्यांचं उत्तर आठवलं. चक्कर न्हाई येत, मधीच लाईट जाती, बस्स. तात्यांनी मला पहिल्याच दिवशी, विचारल्याबरोबर, एका वाक्यात सगळं सांगितलं होतं. डोळ्यांपुढे अंधार, माणूस क्षणभर नाहीसा, आणि परत उजेड. मी एवढी वर्षं शिकत होतो तो आजार त्यांनी मला सोपा करून सांगितला होता, आणि मी त्यांना लोडशेडिंगबद्दल धीर दिला होता. आणि आता, माझ्याच परवानगीनं, ते विहिरीच्या काठावर होते!

मी फोनकडे धावलो. गिरणीवाल्या इक्बालभाईंनी उचलला.

"इक्बालभाई, तात्या कुठंयत?"

"मोटार चालू कराया गेले की, आत्ताच."

"त्यांना आधी विहिरीपासून लांब करा! तात्यांची लाईट जातेय!"

"न्हाई हो डाक्टर, लाईट हाय! गिरणी चालू हाय, आवाज येत न्हाई का?"

"गिरणीची नाही, तात्यांची!"

"आपली डीपी एकच हाय. त्यांची बी आसंलच."

"अहो, तशी लाईट नाही!"

"मंग वायरमनला धाडू का?"

"वायरमन मीच आहे!" मी ओरडलो. वॉर्डातल्या सगळ्या नर्स माझ्याकडे बघायला लागल्या. "इक्बालभाई, तात्यांचं हृदय थांबतंय!"

पलीकडे रिसीव्हर आपटला आणि तसाच लटकत राहिला. मला फक्त रिकामी गिरणी फिरताना ऐकू येत होती. ती किती वेळ ऐकली ते सांगता येणार नाही. आयुष्यात मी इतकं लक्ष देऊन दुसरं काहीच ऐकलेलं नाही.

इक्बालभाई पोचले तेव्हा तात्या काठापासून दोन हातांवर, स्टार्टरच्या खांबाला पाठ टेकून मातीत बसले होते. "आत्ताच गेली व्हती," ते म्हणाले, "आली." आणि मांडीवर वही ठेवून वेळ लिहीत होते.

इक्बालभाईंनी त्यांना मिठी मारून उचललं, आपल्या एम-एटी गाडीवर मागे बसवलं आणि पडू नयेत म्हणून उपरण्यानं स्वतःच्या पाठीला बांधून मंचरपर्यंत आणलं. तिथून पुण्यापर्यंत जीपमध्ये त्यांना कवटाळून बसले. आमच्या इस्पितळातल्या शिकाऊ डॉक्टरनं तात्यांकडे एकदाच पाहिलं आणि घाबरून लिहिलं, 'पेशंट पांढराफटक.' मी बोट फिरवून पाहिलं. ज्वारीचं पीठ होतं.

मॅडम आल्या त्या हात मोकळे ठेवून आल्या. तक्ता नाही, फाईल नाही. खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "तात्या, तुमची लाईट जाते म्हणजे नेमकं काय होतं?"

तात्या उठून बसले. "बघा बाई, चक्कर म्हंजे आजूबाजूचं फिरतं. माझं काय बी फिरत न्हाई. हाय ते जातं. आवाज बी जातो. मंग येतं, तवा वाटतं आपण कुठं व्हतो?" मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "ह्यानं बी इचारलं व्हतं. पर ते कागदाला इचारलं."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मॅडम माझ्याकडे बघतील असं वाटलं, पण त्यांनी बघितलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पेसमेकर बसवला. तात्या जागे होते, कारण तेवढीच जागा बधिर करतात. माझ्याकडे कुणी काही काम दिलं नाही, म्हणून मी तात्यांचा हात धरून उभा राहिलो. त्यांनी तो इतका घट्ट दाबला की मला कळलं, माणूस घाबरलाय. कोरड्या बांधावर पाय घसरला म्हणणारा माणूस महिनाभर घाबरलेलाच होता, आणि काकीला कळू नये म्हणून एकटाच वहीत लिहीत होता.

घरी गेल्यावर ते एकदा म्हणाले, "तिथं समदी मानसं चांगली. पर जो यायचा तो मशीनला इचारायचा, कसं हाय? मशीन सांगायचं. मला वाटायचं, मी मधी उगाच झोपलोय." हे ऐकून मी हसलो. मग एकटा असताना हसू येईना. त्या मशीनला विचारणाऱ्यांत मी पहिला होतो.

पुढे मी रीतसर ठोक्यांचा तज्ज्ञ झालो. दोन हजार सालानंतर मंचरला, जुन्नरला तपासणीची शिबिरं घेऊ लागलो. तक्ता असतोच, पण तो आता शेवटी भरतो. आधी नुसतं बसतो. कुणी सांगतं, छातीत कोंबडी फडफडती. कुणी म्हणतं, मोटार हवा धरती तसं व्हतं. मी विचारतो, मंग? पुढं?

पहिल्या शिबिराला तात्या हौसेनं आले होते. बाहेर बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला कोपरीखालचा उंचवटा दाखवत होते. "इन्व्हर्टर हाय. लाईट गेली की आपोआप चालू." दाराशी एक म्हातारी आत यायला बिचकत होती. तिनं विचारलं, "डाक्टर हुशार हाय का पर?"

"लई हुशार!" तात्या ठासून म्हणाले. "आमचाच पुतन्या हाय. फकस्त ट्यूबलाईट हाय. बटन दाबून जरा थांबावं लागतं."

म्हातारी खदखदून हसली. रांगेतले सगळे हसले. त्यांचं बघून मीही आत बसल्या बसल्या हसलो. ते कशाला हसले हे मला संध्याकाळी, घरी परतताना, एसटीत कळलं.