नऊ इंच हसू

विनोद अमर असतो. रत्नागिरीत तो नऊ इंच लांब होता आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेला होता.

डबा आमच्या शेजारच्या काकांचा. गावातलं जुनं थिएटर बंद पडेपर्यंत ते तिथे ऑपरेटर होते. सिनेमा त्यांनी फारसा पाहिलाच नाही; केबिनच्या भोकातून ते प्रेक्षकांची डोकी बघत. "पडदा काय, रोज तोच. माणसं बघायची, मास्तर." मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून मास्तर.

एका जुन्या विनोदी सिनेमावर त्यांचा जीव. त्यात एक रावसाहेब स्वतःच्या सत्काराला येतात, नोकराने खुर्ची हलवलेली असते, आणि ते धपकन जमिनीवर बसतात.

"पडण्यात काय हसायचंय?" काका म्हणत. "मिरकरवाड्याच्या जेटीवर रोज दहा जण घसरतात. बसायच्या आधी तो कोट सावरतो ना, लोकांकडे बघतो ना, खुर्ची काय असणारच, अशा तोऱ्यात? हसू तिथे आहे."

ते 'तिथे' म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, फिल्मवर नऊ इंच. नेमकी तिथेच एकदा फिल्म अडकून फाटली. काकांनी फाटलेला तुकडा कापला आणि टोकं चिकटवली. पुढच्या खेळाला रावसाहेब आले आणि कोट न सावरताच पडले. थिएटर गप्प.

"मशीनने खाल्लीन," असं त्यांनी मालकांना सांगितलं. मला म्हणाले, "मीच जास्त कापली."

पुढे थिएटर गेलं, तिथे मंगल कार्यालय आलं. त्याचाही दोष काकांनी आपल्या कात्रीलाच दिला. काकू म्हणायच्या, "गावचं हसू ह्यांनी डब्यात घालून ठेवलंनी."

गेल्या वर्षी कॉलेजच्या फिल्म क्लबला त्या सिनेमाची अखंड प्रत मिळाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. पहिल्या रांगेतली खुर्ची उलटी फिरवून, पडद्याकडे पाठ करून मुलांसमोर बसले. प्रसंग त्यांनी कानानेच ओळखला.

"आता," ते पुटपुटले.

रावसाहेबांनी कोट सावरला, पुरता अर्धा सेकंद. मग पडले. मागच्या रांगेत एकजण हसला, पण मोबाइलकडे बघून.

परतताना मी समजूत घालायला गेलो. "काका, म्हणजे दोष तुमच्या कात्रीचा नव्हता."

"तेच तर वाईट, मास्तर. कात्रीने गेलं असतं तर जोडता आलं असतं."

त्यानंतर त्यांनी त्या सिनेमाचं नाव काढलं नाही. गणपतीनंतर गेले. डबा काकूंनी माझ्याकडे दिला. पट्टी उजेडात धरली की रावसाहेब अजून कोटच सावरत असतात.

फिल्म क्लबने शोकसभा घेतली. प्राचार्य एका युगाच्या अस्ताबद्दल बोलले, मग दोन मिनिटांचं मौन जाहीर केलं. पस्तिसाव्या सेकंदाला 'धन्यवाद' म्हणाले, कोट सावरला, आमच्याकडे बघितलं आणि बसले.

खुर्ची जागेवर होती.