खिडकीखालचा बाक

आमच्या पोरांच्या शाळेत वरांड्यात, पाण्याच्या नळांना लागून एक बाक आहे. तो बाक आमचा. आमचा म्हणजे, ज्यांना शाळा सांगते की घरचं कोणीतरी जवळ ठेवा, त्या आईबापांचा. रोज प्रत्येकानं आपल्या पोरासाठी बसायचं म्हटलं तर पोटापाण्याचं काय? म्हणून आम्ही तीन घरांनी पाळ्या लावून घेतल्या. ज्याची पाळी, त्यानं तिन्ही लेकरांकडे पाहायचं.

माझं मोटार वाइंडिंगचं दुकान दुपारी उघडतं, त्यामुळे सकाळची पाळी बहुतेक माझ्याच गळ्यात. बाकाच्या एका टोकाला चौथीची खिडकी, दुसऱ्या टोकाला दुसरीची. दुसरीत माझा पोरगा. तो बोलत नाही, एक शब्दही नाही. घडीघडी खिडकीकडे पाहतो आणि मी हात हलवतो. मी दिसलो की त्याला धीर येतो, असं मी सगळ्यांना ठासून सांगायचो.

या वर्षी भिवापूरहून एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी चौथीत, हुशार, जिभेची तिखट. तिला फिट येतात. आधीच्या शाळेत भर वर्गात फिट आली, पोरं घाबरून रडली, त्यांच्या आईबापांनी कल्ला केला आणि शाळेनं हिला घरी बसवलं. इथल्या मोठ्या बाईंनी तिला घेतलं, पण बजावलं, वर्गात गोंधळ झाला तर आम्हाला पुन्हा विचार करावा लागेल. वर्गशिक्षिकेशिवाय वर्गात कोणाला हे माहीत नव्हतं. कोणाला सांगू नका, अशी पोरीनंच गळ घातली होती.

त्या दिवशी तिच्या आईचा धरमपेठेतल्या एका दुकानात फॉल-पिकोच्या कामाचा पहिला दिवस होता. सकाळी तिनं नाकात मारायचा फवारा माझ्या हातात दिला आणि तेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

"भाऊ, तिले कुशीवर वळवजा. तोंडात काही घालू नका. कोणी कांदा नाहीतर चप्पल हुंगवाले आलं तं हाकलून देजा. लांबली तं हा फवारा."

"हाव वं ताई, समजलं. जा तू आता बिनघोर."

खरं सांगतो, मला भेव वाटत होतं. मी कधी कोणाला फिट येताना पाहिलंच नव्हतं. मोटारीचा आजार मी कानानं ओळखतो. बेअरिंग गेलं की आवाज बदलतो. तसाच कान लावून बसलो. फळ्यावर खडू करकरला की दचकायचो, कोणी खोकललं की अर्धा उठायचो. नळ हाताजवळ असून पाणी प्यायलो नाही, म्हटलं तेवढ्यातच काही झालं तर? मधूनच तिच्या आईचा फोन. "भाऊ, ठीक हाय ना?" मी म्हणायचो, "एकदम मस्त हाय, तू काम कर." फोन ठेवला की घाम पुसायचो.

मधली सुट्टी झाली, पोरं आत गेली, आणि चौथीत धाडकन बाक पडला. पोरी किंचाळल्या.

मी चपलांसकट आत घुसलो. पोरगी बाकाखाली, डोकं खाली! मी तिला ओढलं, कुशीवर लोटलं, एका हातानं खांदा दाबला, दुसऱ्या हातात फवारा, आणि ओरडलो, "सरका! हवा येऊ द्या! फिट आली तिले!"

"काका, सोडा ना! मले काही नाही झालं! पाल पडली वरून, थे पाहून राहिली होती मी!"

पाल केव्हाच कपाटामागे पळाली होती. मग पुढच्या बाकावरचं एक पोट्टं उभं राहिलं. "बाई, हिले फिट येते?"

अरे बाप्पा! त्या पोरीनं इतके दिवस जे झाकून ठेवलं होतं, ते मी भर वर्गात बोंबलून सांगितलं होतं. आणि गोंधळ झाला तर? गोंधळ तर झालाच होता, आणि तो तिनं नाही, मी केला होता. शिक्षिकेनं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

थोड्या वेळानं शिक्षिका मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि दार लोटलं गेलं. गेली पोरगी शाळेतून, आणि कोणामुळे? बह्याडा, तुला कोणी सांगितलं होतं दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला? तेवढ्यात तिच्या आईचा फोन वाजायला लागला. काय सांगू? उचललाच नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही.

मग काय, ती हातातलं काम टाकून धावतच आली. पहिल्याच दिवशी. तोंडावर रक्त नाही. तिला पाहून मोठ्या बाई बाहेर आल्या.

"मुलगी ठीक आहे, ती शाळेतच राहील. पण यांना त्या खिडकीखाली बसवू नका."

मी त्यांच्या पायाच पडणार होतो. तोवर शाळा सुटली आणि पोरगी दप्तर घेऊन बाहेर आली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"आई, उद्यापासून इथं कोणी बसू नका."

"असं कसं वं? फिट आली तं?"

"येईल तं येईल. बाईले माहीत हाय. बाजूच्या पोरीले मी आता सगळं सांगून देल्लं, कुशीवर कसं वळवाचं थे. तुम्ही खिडकीत बसता ना, तं मले दिवसभर वाटते का आता येते, आता येते."

मी म्हटलं, "चुकलं वं बेटा माझं." ती खांदा चोळत म्हणाली, "लय जोरात दाबलं काका तुम्ही."

आता आम्ही फाटकापाशी बसतो, सायकली ठेवतात तिथं, फोन हातात घेऊन. पोरीच्या आईला दुकानानं दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, तेवढं बरं झालं.

पण त्या दिवशी त्यानंतर मी माझ्या पोराला घ्यायला दुसरीच्या खिडकीशी गेलो. त्यानं नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. माझा हात सवयीनं वर गेला आणि तिथंच थांबला. त्या पोरीला बोलता येतं, तिनं सांगून टाकलं. माझा पोरगा इतके दिवस खिडकीकडे पाहत आला. तो मला ये म्हणत होता की जा म्हणत होता, बाप असून मला माहीत नाही.